'शिल्लक' म्हणजे 'नकार' नव्हे: साथीत लोक लस का घेतात, का टाळतात

प्रश्न हिंगोली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर नव्यानं रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा आहे. कोविड लसीकरणाच्या जुन्या नोंदी चाळताना त्यांना दिसलं, की एकाच उपकेंद्राखालच्या दोन गावांत मोठा फरक आहे. एका गावात बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले, दुसऱ्यात पहिल्या डोसलाच निम्मं गाव शिल्लक. शिक्षण, वस्तीची घडण, रस्ता सगळं जवळपास सारखंच. मग साथीच्या काळात लोकांची तयारी कशावर ठरते? पुढची साथ आली तर भोंग्याची गाडी फिरवून काही होईल का? आणि सक्ती केली तर?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. तुमच्या रजिस्टरात जे 'शिल्लक' दिसतंय त्याला वरचे अहवाल 'नकार' म्हणतात आणि वर्तमानपत्रं 'अज्ञान' म्हणतात. प्रत्यक्षात त्या एका रकान्यात सहा वेगळी माणसं उभी असतात. गावात नसलेला. येऊन परत पाठवलेला. दुसऱ्या दिवशी ताप आला तर मजुरी बुडेल म्हणून टाळणारा. 'घरी विचारून सांगते' म्हणणारी. एखादी ठरावीक भीती धरून बसलेला. आणि सगळ्यात शेवटी खरोखर ठाम 'नाही' म्हणणारा. सहावा सगळ्यात मोठ्यानं बोलतो, म्हणून तोच गाव वाटतो. यादी घरोघर तपासली की तो बहुतेक ठिकाणी सगळ्यात लहान गट निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं लस टाळण्याची जी व्याख्या केली आहे तिचा अर्थ असा: लस उपलब्ध असूनही ती घ्यायला उशीर करणं किंवा नाकारणं. कारणं त्यांनी तीन गठ्ठ्यांत बांधली: विश्वास, बेफिकिरी आणि सोय. मराठवाड्यात काम करताना यातला 'उपलब्ध असूनही' हा तुकडा आधी तपासायचा. लस तालुक्याच्या कोल्ड स्टोअरला होती म्हणजे ती तांड्यावरच्या बाईला उपलब्ध होती, असं होत नाही.

तुमच्या दोन गावांत नेमकं काय घडलं हे इथून सांगता येणार नाही. आजार किती जवळ आला होता, लस कधी आणि किती आली, गावाचं आणि आरोग्य सेविकेचं आधीचं नातं कसं होतं, यावर ते अवलंबून असतं. पण शोधायचं कुठं ते सांगता येतं. दोन्ही गावांतली लसीकरणाची पहिली तीन सेशन काढा. तारीख, वार, किती डोस आले, किती लागले, किती वाया गेले, आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत गावात कोण वारलं. फरकाचं मूळ बहुधा तिथंच सापडतं, कारण गावाचं मत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बनतं आणि मग ते हलवायला सहा महिने लागतात.

आता कारणांकडं येऊ. पहिलं कारण इतकं साधं आहे की कुणी लिहून ठेवत नाही. आपल्याकडं माणूस सहसा सुईला घाबरत नाही. अंगात कणकण आली की 'डॉक्टर, सुई द्या, सलाईन लावा' म्हणून मागून घेणारी हीच माणसं आहेत. त्यांच्या लेखी सुई आजारी माणसाला देतात आणि प्रतिबंधाची लस लेकरांना देतात. पल्स पोलिओ गावानं स्वीकारला, गोवर-रुबेला स्वीकारला, गरोदरपणात धनुर्वाताचं टीटी-टीडी स्वीकारलं. पण धडधाकट चाळीस वर्षांच्या गड्यानं, काही होत नसताना, दंडात सुई घ्यायची ही सवयच नव्हती. त्यातून ती सुई घेतल्यावर ताप येतो. म्हणजे बऱ्या माणसाला सुई देऊन आजारी पाडलं. हा हिशोब त्यांच्या बाजूनं अगदी सरळ आहे. त्याला 'अंधश्रद्धा' म्हणून उडवून लावलं की बोलणं तिथंच थांबतं.

दुसरं कारण भीतीचं वेळापत्रक. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आधी आरोग्य कर्मचारी. १ मार्चपासून साठीच्या वरचे आणि सहव्याधी असलेले पंचेचाळिशीच्या वरचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या वरचे सगळे, १ मेपासून अठराच्या वरचे. एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट टिपेला होती, बेड आणि ऑक्सिजनसाठी लोक जिल्ह्याच्या गावी धावत होते, आणि त्याच वेळी केंद्रांवर पहाटेपासून रांगा होत्या. म्हणजे इच्छा होती. लस नव्हती. मेच्या मध्यात तर राज्याला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून आहे तेवढी लस पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडं वळवावी लागली. २१ जूनपासून केंद्राकडून मोफत पुरवठा सुरू झाला आणि पुढं लस मुबलक झाली. तोवर लाट ओसरली होती, पेरणी सुरू होती आणि ऐकू येत होतं, "आता काय करोना राहिलाय का?" लस आणि भीती एकाच वेळी गावात नव्हत्याच. याला बेफिकिरी म्हणा हवं तर, पण मे महिन्यात दोनदा रांगेतून परत गेलेल्या माणसाला बेफिकीर म्हणणं मला पटत नाही.

त्यात नोंदणीचा गोंधळ. १८ ते ४४ वयाच्यांना सुरुवातीला कोविन पोर्टलवर आधी स्लॉट घेणं सक्तीचं होतं. स्लॉट सेकंदात भरायचे, भरणारे शहरातले, आणि खेड्यातल्या केंद्रासमोर परगावच्या गाड्या लागायच्या. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, पण 'आपल्या गावची लस शहरवाल्यांनी नेली' हे वाक्य त्याआधीच पारावर बसलं होतं. पुढच्या साथीत पोर्टल कुठलंही असो, पहिल्या दिवसापासून थोडे डोस हाताने लिहिलेल्या गावयादीसाठी राखता येतात का, हे वरच्या बैठकीत विचारून घ्या.

तिसरी गोष्ट व्हायलची, म्हणजे लशीच्या बाटलीची. हिच्यावर थोडं थांबतो, कारण कारणांच्या कुठल्याही यादीत ती येत नाही. कोविशिल्डच्या व्हायलमध्ये दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिलि. एकदा टोचणी घातली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. आता चित्र डोळ्यांपुढं आणा. सकाळी अकरा वाजता शाळेच्या वर्गात सेशन. तीन जण आलेत: एक म्हातारी, तिचा मुलगा, शेजारीण. सिस्टरवर वाया गेलेल्या डोसचं उत्तर द्यायची जबाबदारी. ती म्हणते, 'दहा जण होऊ द्या, मग फोडते.' म्हातारी तासभर बसते, गुडघे धरतात, मुलाला बैलांना पाणी दाखवायचंय. दोघं उठून जातात. संध्याकाळी रजिस्टरात त्या घरासमोर काहीच नाही, पुढच्या महिन्याच्या यादीत ते 'शिल्लक', आणि डिसेंबरात त्यांचा शेरा 'लस घेण्यास नकार'. वाया जाणं शून्य दाखवण्याच्या नादात अशी घरं गमावली जातात. आलेला माणूस हा वाया गेलेल्या सात डोसांपेक्षा महाग असतो. टंचाई असताना हे जमणार नाही, हे मान्य. तेव्हा आशाताईंनी आदल्या संध्याकाळी गल्लीनिहाय दहा-दहाचे गट करून वेळ द्यायची: मारुतीच्या देवळाजवळचे दहा वाजता, खालची आळी अकराला. आणि पुरवठा भरपूर असेल तेव्हा तीन माणसांसाठीसुद्धा व्हायल फोडायची, झाकणावर वेळ लिहायची, आणि उरलेले डोस कॅरिअरमध्ये (लशीच्या थंड पेटीत) घेऊन जवळच्या गल्लीत घरोघर फिरायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'हर घर दस्तक' मोहिमेत बरंचसं काम याच रीतीनं झालं.

मजुरीचा हिशोब याच्याइतकाच वजनदार आहे. लसीनंतर एक-दोन दिवस हात दुखणं, अंग मोडून येणं, ताप हे अपेक्षित असतं. नोकरदार घरी पडून राहतो. रोजंदारीवर सोयाबीन काढणाऱ्या जोडप्याचे दोन दिवस म्हणजे चार मजुऱ्या. वर उक्तं घेतलेलं काम अर्धवट राहिलं तर टोळीत नाव खराब. म्हणून जून-जुलैच्या पेरणीत, ऑक्टोबरच्या काढणीत आणि त्यानंतरच्या कापूस वेचणीत सकाळी दहाचं सेशन लावलं तर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री यांच्याशिवाय कुणी नसतं. सेशन संध्याकाळी सहा ते नऊ ठेवा, आणि शक्यतो आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री. बाजाराच्या दिवशी मजूर तसंही रानात जात नाहीत. ताप आलाच तर तो सुट्टीत येतो. नवरा-बायकोला एकाच दिवशी टोचायचा आग्रह धरू नका. दोघं एकदम तापानं पडले तर चूल कोण पेटवणार, जनावरांना वैरण कोण टाकणार? चार दिवसांच्या अंतरानं दोघंही येतात, आग्रह धरला तर एकही येत नाही.

ऊसतोडीचं गणित आणखी वेगळं. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची तोडणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. २०२१ मध्ये लस मुबलक झाली ती पावसाळ्यात आणि पुढं, म्हणजे ही माणसं गावात असण्याचे मोजके महिने हाताशी होते, आणि घरोघरची मोहीम जोरात आली तेव्हा कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, निघून गेलेले. इथं सरपंचापेक्षा तोडणाऱ्यांची टोळी जमवणारा मुकादम कामाचा. कोण कोणत्या कारखान्याला, किती कोयते, कोणत्या तारखेला निघणार हे त्याच्या वहीत असतं. उचल (आगाऊ रक्कम) वाटपाच्या दिवशी सगळी टोळी एका जागी असते. तोच तुमच्या सेशनचा दिवस.

आता विश्वासाकडं. विश्वास हा शब्द आपण फार ढोबळ वापरतो. लोक लशीवर विश्वास ठेवत नाहीत, ते सांगणाऱ्यावर ठेवतात, आणि सांगणारा गेल्या महिन्यात काय म्हणाला होता हे लक्षात ठेवतात. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ, आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे झालं. अंतर वाढवल्यानं प्रतिसाद चांगला मिळतो याला अभ्यासाचा आधार होता. पण ते जाहीर झालं ऐन टंचाईत, त्यामुळं गावानं त्याचा अर्थ 'लस नाही म्हणून पुढं ढकललं' असाच लावला. कोव्हॅक्सिनला सुरुवातीला चाचणीच्या धर्तीवर मर्यादित परवानगी होती आणि घेणाऱ्याची संमतीपत्रावर सही लागायची. मार्चमध्ये ती अट गेली, पण 'डॉक्टरांनी कोणती घेतली?' हा प्रश्न राहिला. गरोदर बायांना आधी लस नव्हती, २ जुलै २०२१ पासून मुभा मिळाली. सहा महिने 'गरोदर बाईला चालत नाही' असं ज्या आशाताईनं सांगितलं, तिनंच सातव्या महिन्यात 'चालते, घ्या' म्हणायचं. सासूनं का ऐकावं? यावर उपाय एकच: नियम बदलला की लपवायचं नाही. 'आधी गरोदर बायांवर पुरेशी माहिती नव्हती म्हणून थांबलो होतो, आता माहिती आली, आणि गरोदरपणात हा आजार जास्त बिघडतो हेही दिसलं' असं सरळ सांगायचं. लोक बदल समजून घेतात, तो झाकलेला त्यांना चालत नाही.

मृत्यूचा योगायोग हा तर प्रत्येक मोहिमेचा खड्डा. पाच हजारांचं गाव धरा. आपल्याकडचा मृत्युदर हजारी साधारण सहा, म्हणजे वर्षाला तीस मृत्यू, म्हणजे दर बारा दिवसांना एक. आणि वारणारे बहुतांश म्हातारे. साथीत लस आधी कुणाला देतो? म्हाताऱ्यांनाच. म्हणजे पहिल्या काही सेशननंतर लस घेतलेलं कुणीतरी वारण्याची शक्यता, लशीचा काही संबंध नसतानाही, बरीच असते. त्या दिवशी गावात आरोग्य खात्याचं कुणी दिसलं नाही की निकाल लागला. लोकांना आकडे नकोत. डॉक्टर मयताच्या घरी आला का, कागदपत्रं पाहिली का, 'तपास करतो, कळवतो' म्हणाला का, आणि मग खरोखर कळवलं का, एवढं ते पाहतात. लसीनंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेची नोंद आणि तपासणी करायची पद्धत आहे, ती वापरा. 'लशीनं काही होत नाही' असं कधीच म्हणू नका. दुर्मीळ का होईना, होतं. कोविशिल्डसारख्या लशीनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट घटल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत. 'क्वचित होतं, लगेच काही झालं तर सांभाळता यावं म्हणून अर्धा तास बसवतो, नंतर जोराची डोकेदुखी, धाप, पायाला सूज आली तर लगेच कळवा' हे वाक्य जास्त टिकतं.

तो अर्धा तास नीट सांभाळा. रांगेतली एक पोर चक्कर येऊन पडली की मागची वीस माणसं निघून जातात. बहुतेक वेळा ही साधी चक्कर असते: उपाशीपोटी, उन्हात उभं राहून, सुईच्या धास्तीनं. टोचल्याबरोबर किंवा आधीच चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, नाडी मंद होते, आडवं करून पाय वर धरले की मिनिटा-दोन मिनिटांत माणूस बरा. खरी तीव्र ॲलर्जी वेगळी दिसते: अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, घरघर, नाडी जलद आणि क्षीण, आणि आडवं करूनही सुधारत नाही. तिथं वेळ न घालवता १:१००० चं ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि १०८ ला फोन. ते किट टेबलावर हवं, कपाटात कुलुपात नको. बसायची खोली रांगेच्या नजरेआड ठेवा, टोचताना बसवूनच टोचा, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला 'जेवून आलात का?' विचारा. पार्ले-जीचे चार पुडे यात फार काम करतात.

अफवांचं म्हणाल तर सगळ्यांना एकच औषध नसतं. अंगाला नाणी-चमचे चिकटतात ही अफवा २०२१ च्या जूनमध्ये नाशिककडून सुटली आणि मोबाइलवरून सगळीकडं फिरली. तिला भाषण नको. अंग पुसून टाल्कम पावडर लावायची आणि परत नाणं लावून बघायचं. घाम गेला की नाणं पडतं. लस न घेतलेल्याच्या कपाळालाही घामट उन्हाळ्यात रुपया चिकटतोच. पोरांपुढं हे करून दाखवा, पोरंच गावभर करतात. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस घेऊ नये, ही अफवा आशाताईनं बायकांच्या घोळक्यात दोन वाक्यांत मोडायची, पुरुषांसमोर नाही.

मूल होणार नाही ही भीती मात्र हसण्यावारी न्यायची नाही. तिच्या तळाशी आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीची आठवण आहे, आणि ती घराघरात उतरलेली आहे. सरकारी माणूस, यादी, सुई, वर टार्गेट: ज्यानं ते दिवस पाहिले त्याला हे चित्र ओळखीचं वाटतं. त्यामुळं सेशनच्या ठिकाणी 'टार्गेट' हा शब्द उच्चारू नका, माणसं मोजू नका, फोटोसाठी कुणाला ओढू नका. ज्या घरात लस घेतल्यानंतर दिवस राहिले, त्या घरची बाई तयार असेल तर तिच्या तोंडून ते कळू द्या.

बीपी, शुगर, पॅरालिसिस झालेले लोक 'आमच्या डॉक्टरनं नको सांगितलं' म्हणतात. तो डॉक्टर तालुक्याचा नसतो. गावात दवाखाना थाटून बसलेला, रात्री-अपरात्री येणारा, उधारीवर औषध देणारा तो असतो. त्याच्याशी वाकडं घेऊन चालत नाही. मोहिमेच्या आठवडाभर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यानं स्वतः त्याच्याकडं चहाला जावं आणि एका कागदावर लिहून द्यावं: कुणाला थांबवायचं (आधीच्या डोसनं किंवा लशीतल्या घटकानं तीव्र ॲलर्जी झालेला, त्या दिवशी तापानं फणफणलेला), आणि कुणाला बिलकुल थांबवायचं नाही (बीपी, शुगर, दमा, हृदयविकार). याच लोकांना आजार जास्त भारी पडतो, म्हणून तर ते यादीत आधी आहेत.

आता सांगायचं कुणी? सरपंचानं आधी लस घेतली तर गावातला अर्धा पक्ष येतो आणि दुसरा अर्धा मुद्दाम येत नाही. विरोधी गटाचाही एक माणूस त्याच सकाळी त्याच बाकावर दिसला पाहिजे. तांड्यावर नाईक आणि कारभारी यांना आधी भेटल्याशिवाय टेबल मांडू नका, आणि गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, दोन वाक्यं बोलणारं कुणीतरी बरोबर हवं. मुस्लिम मोहल्ल्यात कमी लसीकरण झालं की लगेच धर्मावर बोट ठेवलं जातं. तिथंही आधी तेच तपासायचं: केंद्र कुठं होतं, फलक उर्दूत होता का, टोचणारी बाई होती का, आडोसा होता का, वेळ कोणती. २०२१ मध्ये लस खुली होत होती तेव्हा एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत रमजान होता. रोजा ठेवलेला माणूस सकाळच्या सेशनला येत नाही, इफ्तारनंतरच्या सेशनला येतो. स्नायूतल्या सुईनं रोजा तुटत नाही हे सांगायचं काम मशिदीतल्या मौलानांचं. तुम्ही सांगितलं तर त्याला वजन नाही.

आणि सगळ्यात आधी आशाताई. तिची स्वतःची शंका फिटली नसेल तर ती तोंडानं 'घ्या' म्हणते आणि डोळ्यांनी 'बघा बाई तुमचं तुम्ही'. गावाला डोळे कळतात. तिच्यासाठी वेगळी दोन तासांची बैठक ठेवा, जिथं ती वाटेल ते विचारू शकेल आणि कुणी हसणार नाही.

भोंग्याच्या गाडीचं उत्तर आता देता येईल. तारीख, वार, वेळ, जागा, काय आणायचं, एवढं सांगायला ती उत्तम आहे. जुन्या दवंडीचंच ते काम. पटवायला ती निरुपयोगी, उलट कोविडमधल्या भोंग्यानं भीतीच वाढवली. 'लस घ्या, देश वाचवा' यापेक्षा 'उद्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, झेडपी शाळा, आधार कार्ड आणा, जेवून या' हे जास्त माणसं आणतं.

पटवायचं काम उंबऱ्यावर होतं, आणि तिथं पहिला प्रश्न कोणता विचारता यावर सगळं ठरतं. 'लस का घेत नाही?' हा आरोप झाला; समोरचा बचाव करतो आणि बचाव करता करता स्वतःच्याच कारणावर पक्का होतो. 'लशीबद्दल काय काय ऐकायला मिळालं?' असं विचारलं की तो इतरांच्या तोंडी घालून स्वतःची भीती सांगतो. साधारण असं होतं:

"काही नाही मॅडम, लोक म्हणायलेत दोन वर्षांनी माणूस जातो."

"तुमाला काय वाटतं?"

"मला तसं नाही वाटत. पण सोयाबीन काढायलंय, ताप आला तर कोण बघणार?"

पहिलं उत्तर अफवेचं आणि दुसरं मजुरीचं. खरं कारण दुसरं. जो पहिल्या उत्तरावरच विज्ञान सांगायला लागतो त्याला दुसरं कधी ऐकूच येत नाही. इथं बोलायची गोष्ट एवढीच: बाजाराच्या आदल्या रात्री या, पॅरासिटामॉलच्या गोळ्या इथंच देते, ताप आला तर जेवून एक घ्या, लागली तर सहा तासांनी दुसरी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आशाताई चक्कर मारेल. ती चक्कर चुकवू नका. पहिल्या वीस जणांच्या घरी दुसऱ्या दिवशी कुणी गेलं की नाही, यावर पुढचे दोनशे ठरतात. ताप येणार हे आधी सांगितलं असेल तर तो 'सांगितल्याप्रमाणं आला' होतो. सांगितलं नसेल तर 'रिअ‍ॅक्शन' होते.

उत्तर मिळालं की ड्यू लिस्टच्या (डोस बाकी असलेल्यांच्या यादीच्या) शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं एक अक्षर: बा (बाहेरगावी), प (परत गेलेला), म (मजुरी), घ (घरचा निर्णय), भ (भीती, बाजूला कोणती ते), न (ठाम नकार). आठवड्यात यादीचं रूप बदलतं. 'प' आणि 'म' साठी वेळ बदलायची. 'घ' साठी घरधनी घरी असेल तेव्हा रात्री जायचं. 'भ' साठी योग्य माणूस न्यायचा. 'न' ला सोडून द्यायचं. हे शेवटचं नव्या माणसाला जड जातं. सगळा वेळ तो त्या चार घरांवर घालवतो आणि 'प' वाले चाळीस तसेच राहतात. 'न' च्या दारातून नमस्कार करून निघा, वाद घालू नका. शेजारची पाच घरं झाली की त्यातले काही आपणहून विचारतात.

सक्तीबद्दल. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्या डोसमध्ये मागे पडलेल्या राज्यातल्या जिल्ह्यांत औरंगाबाद, नांदेड, हिंगोली होते. औरंगाबाद जिल्ह्यात तेव्हा किमान एक डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन नाही असा आदेश निघाला. असा दट्ट्या कुणावर चालतो? 'जाऊ की उद्या' म्हणणाऱ्यावर चालतो, आणि असे लोक बरेच असतात. मजुरी बुडणाऱ्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही, ठाम नकारवाला आणखी ताठ होतो, आणि सुई न घेता सर्टिफिकेट मिळवायची वाट शोधली जाते. ती एकदा गावात सापडली की तुमच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. रेशनशी जोडणं तर मला सरळ चुकीचं वाटतं, कारण त्याचा मार सगळ्यात गरीब घरावर पडतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की कुणाला जबरदस्तीनं लस देता येत नाही. मात्र साथ आटोक्यात ठेवण्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, असंही म्हटलं. सक्तीचा इतिहास आपल्याच राज्यात आहे: १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या घेतल्या गेल्या, लोकांनी रोगी लपवले, आणि शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, पण सरकारी माणसाचा धाक बसलेल्या गावात लसही धाकाच्याच बाजूची ठरते.

दुसऱ्या डोसचं गळणं हा वेगळा विषय आहे, पण तुमच्या यादीत तो मिसळलेला दिसेल म्हणून थोडक्यात. चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर म्हणजे एक हंगाम. एका मोबाइल नंबरावर चार जणांची नोंद करता यायची, आणि खेड्यात तो नंबर बहुधा पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाचा. दुसऱ्या डोसचा मेसेज चाकणला वाजतो, म्हातारी वसमतला बसलेली. काहींचा दुसरा डोस पुण्यातच झालेला असतो आणि तुमच्याकडं ते थकीत दिसतात. म्हणून कार्डावर पुढची तारीख लिहिताना शेजारी सणही लिहा: 'पोळ्यानंतरचा बाजार', 'दसऱ्याच्या आधी'. तारीख विसरतात, पोळा विसरत नाहीत.

सध्या साथ नाही, तेव्हा करण्यासारखं काम एवढंच: प्रत्येक घरासमोर त्या घरात राहणाऱ्या, रोज फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर लिहून घ्या, आणि दिवाळीच्या आधी तुमच्या गावांतल्या मुकादमांची नावं, कोयत्यांची संख्या आणि कारखान्याचं नाव एका वहीत उतरवा. लेकरांच्या गोवर-रुबेलाच्या डोसलाही ती वही लागणारच आहे.